एवढा कोपरा राहिलाय

१

उत्खननात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, असं कुणी विचारलं तर ताई सरळ सांगायची, झाडण्यात. लोकांना वाटतं, ही मंडळी दिवसभर कुदळी मारतात आणि संध्याकाळी सोन्याचे हंडे मोजतात. हंडे कुणाला सापडत नाहीत. सापडते ती धूळ, आणि फोटो काढण्याआधी ती झाडावी लागते. त्याचीही रीत आहे. बूट बाहेर काढायचे, अनवाणी आत जायचं, मागच्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि उलट्या पावली दाराकडे येत आपलीच पावलं पुसत बाहेर पडायचं. झाडूचा शेवटचा फराटा उंबऱ्यापाशी. फोटोत माणसाची एवढीशी खूण दिसली तरी ताई कुणाची गय करायची नाही.

ही रीत तिला बाबांनी शिकवली होती. लहानपणी ती घरातला व्हरांडासुद्धा अशीच झाडायची. आई म्हणायची, "बापानं पोरीला उलटं चालायला शिकवलं, आता सरळ कधी चालणार ही!"

बाबा त्या काळातले नावाजलेले उत्खनक. नंतर त्यांचं नावच उरलं, आणि तेही चेष्टेसाठी. ताई आता जिथे खणत होती, त्याच सीमेवरच्या किल्ल्यावर ऐन उमेदीत त्यांनी काम केलं होतं आणि शेवटी जाहीर केलं होतं, उत्तरेचा बुरूज भरीव आहे, आत काही नाही. पुढे कुणीतरी जमिनीच्या पोटातलं दाखवणारं यंत्र आणलं आणि बुरुजात चांगली ऐसपैस खोली आहे, हे घटकाभरात दाखवून दिलं. तेव्हापासून बाबांचं नाव 'भरीव' पडलं. परिषदेत चहाच्या वेळी एखादा टवाळ भिंतीवर टिचकी मारून विचारायचा, "काय हो, ही पण भरीव का?" बाकीचे खो खो हसायचे. बाबा मूग गिळून बसायचे. एके दिवशी ते घरीच बसले, ते बसलेच.

त्याच कामावर त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे ताईचा काका, नाहीसा झाला होता. सीमा ओलांडून पलीकडे गेला आणि परत आला नाही, असं बाबांनी सांगितलं. शोध घेऊन झाला, चौकशा झाल्या, हाती काही लागलं नाही. काकूनं त्यानंतर या घराची पायरी चढली नाही. तिचा मुलगा तेव्हा पाळण्यात होता.

तोच मुलगा आता ताईच्या कामावर फोटोग्राफर होता. त्याला सगळे खटक्या म्हणत. एक तर कॅमेऱ्याचा खटका, आणि दुसरं म्हणजे त्याचं डोकं, तेही असंच खट्कन सरकायचं. घरच्यांचं वैर बाजूला ठेवून ताईनं त्याला आवर्जून बोलावलं होतं. तो आला, पण येताना वैर बरोबर घेऊन आला.

ताईला एकच गोष्ट करायची होती. ती खोली उघडायची आणि दाखवायचं की तिचं दार जुन्या काळीच असं बेमालूम बुजवलं होतं की कुणाच्या बापालाही कळलं नसतं. बाबांच्या हयातीत दाखवायचं होतं, आणि बाबांची हयात आता फारशी उरली नव्हती.

दार सापडलं. दगड रचून बंद केलेलं होतं. चौकटीला अडसर घालायच्या खोबणी होत्या, पण बाहेरच्या बाजूला.

"आतल्या माणसाला झोपेत चालायची सवय असणार," मुकादम म्हणाले. त्यांना प्रत्येक गोष्टीत विनोद सुचायचा.

"तुरुंग असेल," ताई म्हणाली, आणि तिला ते अगदी पटलं.

२

खोलीत छतापर्यंत माती होती. पहिल्या दिवशी ती भराभर निघाली, इतकी की मुकादम खूष झाले. दुसऱ्या दिवशी ताईनं मूठभर माती हातात घेतली, बोटांनी चोळली आणि लगेच दुसरी मूठ घेतली.

माती चाळलेली होती. तिच्यात खडा नव्हता, खापराचा तुकडा नव्हता. खडे वेगळे, एका बाजूला नीट ढिगानं ठेवले होते. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी, जशी बाहेर निघाली असेल तशीच परत घातलेली. किल्ल्यावरचे सैनिक माती चाळून खोली भरत नाहीत. ही आपल्यातल्याच कुणाची तरी करणी होती.

तळाशी निळा प्लास्टिकचा कागद लागला. काम संपलं की खड्डा बुजवण्याआधी असा कागद अंथरतात, पुढे कुणी खणलं तर त्याला कळावं, इथपर्यंत आम्ही आलो होतो. कागदाच्या कडा आत दुमडून त्यावर चपटे दगड ठेवले होते. ही दुमड ताईच्या ओळखीची होती. घरातल्या गाद्यांच्या चादरी आयुष्यभर अशाच दुमडल्या गेल्या होत्या.

बाबांनी ही खोली उघडली होती. त्यांना सगळं माहीत होतं. माहीत असून ते भरीव म्हणाले, आणि मग जन्मभर हसं करून घेतलं, आपलं आणि आपल्याबरोबर घरच्यांचं. आई त्या हसण्यातच गेली. शाळेत ताईला पोरं 'भरीवची पोर' म्हणायची. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुकादमांनी काहीतरी विनोद केला, तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाणी प्यायला निघून गेले.

कागद उचलला. खाली चोपलेल्या मातीची जमीन होती, आणि तिच्यावर झाडूचे फराटे अगदी ताजे वाटावेत असे उमटलेले. खटक्यानं फोटो काढले. ताईनं स्क्रीनवर पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं.

थर वाचण्यात तिचा जन्म गेला होता. जो वर, तो नंतरचा. फराट्यांनाही तोच नियम. इथे उंबऱ्याजवळचा फराटा सगळ्यात खाली होता, त्यावर पुढचा, त्यावर त्याच्या पुढचा, असे ते एकावर एक चढत मागच्या भिंतीकडे गेले होते. शेवटचा फराटा उत्तरेच्या कोपऱ्यात होता. झाडणारा दारातून सुरुवात करून उलट्या पावली कोपऱ्यात गेला होता. त्याला परत बाहेर यायचं असतं तर झाडलेल्या जमिनीवर पावलं उमटली असती. एकही पाऊल नव्हतं.

"ताई," खटक्या हळूच म्हणाला, "झाडणारा बाहेर कसा आला?"

"नवखा असेल. नंतर पावलं पुसली असतील दारातून, लांब दांड्यानं."

"तुझ्या बाबांच्या हाताखाली झाडायला कोण होतं, ते सांगू? माझा बाप होता."

 

३

जेवणाच्या सुट्टीआधी जमीन झाडायला घेतली. खरं तर ते फराटे राखायला हवे होते. पण फोटो झाले होते, आणि झाडणं हाताच्या सवयीचं होतं. मुकादमांनी स्वतः झाडलं, रीतसर, मागून पुढे, उंबऱ्यापर्यंत. दारावर ताडपत्री टाकली आणि सगळे जेवायला बसले.

परत आल्यावर खटक्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं. "कोपऱ्यात पाऊल राहिलंय."

"माझं नाही," मुकादम म्हणाले. "ताई, आईशप्पथ."

"मग काय भिंतीचं आहे? दर वेळी तुमचं हेच."

ताई बूट काढून आत गेली. कोपऱ्याजवळची माती ओलसर होती, म्हणून खोलीच्या मधोमध थांबून तिनं लांब दांड्याचा झाडू पुढे केला. अनवाणी पाऊल होतं, त्यात काही नवल नव्हतं, तिथे सगळेच अनवाणी जात होते. बोटं दाराच्या दिशेला. दोन फराटे मारले आणि ती उलट्या पावली बाहेर आली. फोटो झाला. सगळं आटोपलं.

चहाच्या वेळी खटक्या कॅमेरा घेऊन तिच्याजवळ बसला. पाऊल दिसलं तेव्हा त्याचा खटका दाबला गेला होता. स्क्रीनवर त्यानं ते पाऊल मोठं केलं.

पाचही बोटं होती, चवडा होता, तळव्याची कमानसुद्धा. टाच मात्र नव्हती. जिथे टाच असायला हवी तिथून भिंत सुरू होत होती. माणूस भिंतीला कितीही चिकटून उभा राहिला तरी त्याची टाच भिंतीच्या अलीकडे राहते. इथे ती पलीकडे होती.

"माती ओली आहे, ठसा पसरलाय," ताई म्हणाली.

"तू पुसलंस ते," खटक्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे तिला जास्त लागलं. "हे पाऊल कुणाचं, ते बघायचं सोडून तुम्ही पुसलंत. तुमच्या घरात हेच शिकवतात का?"

मग तो उठला. जाता जाता म्हणाला, "बाबांना विचार. नाहीतर मी येऊन विचारतो, आणि माझी विचारायची पद्धत वेगळी आहे."

४

बाबा अंथरुणाला खिळले होते. त्यांचा पलंग खोलीच्या मधोमध होता आणि चारही कोपरे ट्रंकांनी, खोक्यांनी, जुन्या गाद्यांच्या वळकट्यांनी छातीइतके भरलेले होते. ताई लहान असल्यापासून हे असंच होतं. म्हातारा काही टाकू देत नाही, असं सगळे म्हणायचे.

"खोली उघडली," ताई म्हणाली. प्रवासभर तिनं पुष्कळ बोलणं जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं.

बाबांनी डोळे मिटले. मग विचारलं, "कागद उचललास?"

"उचलला. तुम्हाला माहीत होतं! आई गेली लोकांचे टोमणे ऐकून. मी कशासाठी या धंद्यात आले? तुमचं नाव धुवून काढायला. आणि तुम्हीच स्वतःच्या हातानं..."

"पाऊल दिसलं का?"

तिनं मान डोलावली.

"पुसलंत?"

"हो. पुसलं."

"मीही पुसायला लावलं," बाबा म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द एकेक येत होता. "त्याला म्हटलं, कोपऱ्यात तुझं पाऊल राहिलंय. तो म्हणाला, दादा, माझं नाही. मी ओरडलो त्याच्यावर. दर वेळी तुझं हेच. तो गेला परत झाडू घेऊन. मी कॅमेऱ्याच्या मागे होतो. काचेत बघायला मान खाली घातली, वर केली. तेवढ्यात..." त्यांनी हात उचलला आणि तो तसाच पांघरुणावर पडू दिला.

"पडला? बेशुद्ध झाला? कुठे गेला?"

"हाक मारली की ओ द्यायचा. 'झालंच दादा, एवढा कोपरा राहिलाय.' झाडू वाजायचा. खोलीत कुणी नाही, आणि झाडू वाजायचा. दुसऱ्या दिवशी हाक मारली, तरी तेच. अगदी तेच, त्याच सुरात."

ताईला वाटलं, हा भ्रम आहे. आजारी माणसाचा मेंदू जुन्या पापाला असे कपडे चढवतो. भावाभावांत भांडण झालं असेल, वर्मी घाव लागला असेल. पण हे मनात येताच ते तिचं तिलाच सहन होईना.

"मग भरून का टाकलंत? तो आत होता तर?"

बाबा तिच्याकडे न बघता कोपऱ्यातल्या ट्रंकांकडे बघत राहिले.

"आवाज जवळ यायला लागला," ते म्हणाले. "मजुरांना सुट्टी दिली. एकट्यानं भरली. माती टाकत होतो आणि तो मला दादा म्हणत होता. सांग, कुणाला सांगणार होतो मी? लोक हसले, ते परवडलं. कुणी ती खोली उघडायला गेलं नाही, एवढं पुरे होतं."

ताईनं फोन काढून खटक्याला लावला. घंटी वाजत राहिली. तिनं पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. मुकादमांचा फोन बंद होता, किल्ल्यावर तो नेहमीच बंद असायचा.

"पाऊल पुसू नका म्हणावं," बाबा म्हणाले. "असू दे. फोटोत दिसलं तर दिसू दे."

५

ती पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बुरुजाच्या सावलीत मुकादम बिडी ओढत बसले होते. दाराबाहेर खटक्याचे बूट होते, मोजे आत कोंबलेले. तिपाईवर कॅमेरा.

"खटक्या कुठाय?"

"आत. झाडतोय. सकाळी परत तेच पाऊल. मी म्हटलं, ताईंना येऊ द्या. तर म्हणाला, ताईला फोटोत पाऊल चालत नाही, मीच पुसतो."

ताई उंबऱ्याशी गेली. दारातून आलेलं ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचलं होतं. खोली लख्ख दिसत होती. लपायला एक दगडही नव्हता. जमिनीवर फराट्यांवर फराटे चढत कोपऱ्यात गेले होते, आणि शेवटचा फराटा अर्धाच होता. उरलेला भिंतीखाली गेला होता.

आणि झाडू वाजत होता. सावकाश, एका लयीत.

"खटक्या!"

"झालंच ताई. एवढा कोपरा राहिलाय."

त्याचाच आवाज. ताईनं पाय उचलला, अनवाणी व्हायचंही भान तिला नव्हतं. मुकादमांनी तिचा दंड धरला आणि मागे खेचलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचत नव्हता.

तिनं हाका मारल्या. नाव घेऊन मारल्या, काकूची आण घालून मारल्या, शिव्या दिल्या, रडली. दर हाकेला तेच उत्तर आलं, त्याच सुरात, 'ताई' म्हणताना घेतलेला तोच श्वास. दुपारपर्यंत ती उंबऱ्यावर बसून होती. दोर आणला, पण दोर बांधणार कुणाला? पोलिसांना बोलवायचा विचार आला, आणि त्याबरोबर दुसराही आला: ते पहिलं काम करतील ते आत जायचं.

मग ऊन सरकलं, आणि आवाज कोपऱ्यातून आला नाही. तो जरा अलीकडून आला.

ताईनं पाहिलं. मघाशी जमीन कोरी होती. आता भिंतीपुढे पाऊल होतं, बिनटाचेचं. तिची पापणी लवली. त्याच्या पुढे दुसरं होतं, पूर्ण, टाचेसकट, बोटं तिच्याकडे. बोटं फार लांब होती.

"झालंच ताई," खटक्याचा आवाज म्हणाला.

मजुरांना सुट्टी दिली. माती बाहेरच होती, थरानुसार रचून ठेवलेली. ताई आणि मुकादम दोघांनीच ती दारातून आत लोटली. मुकादमांनी मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी लावली. का लावली ते त्यांनी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत तिला आपलं नाव ऐकू यायचं, आणि फावडं आणखी जोरात चालायचं. माती चाळायला या वेळी कुणाला सवड नव्हती. शेवटी दगड रचले, आणि बाहेरच्या खोबणीत मुकादमांनी कुठूनसा आणलेला वासा आडवा बसवला.

घरी फोन केला. बाबांच्या कानाशी शेजारणीनं फोन धरला.

"बुरूज भरीव आहे," ताई म्हणाली.

पलीकडे म्हातारा रडत होता.

६

काकूकडे जायलाच हवं होतं. कुणी दुसऱ्यानं सांगण्याआधी आपण सांगावं, एवढी लाज अजून शिल्लक होती. दार नुसतं लोटलेलं होतं. काका गेल्यापासून काकूनं दाराला आतून कडी लावली नव्हती, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

"ये," काकू म्हणाली. इतक्या वर्षांनी पुतणी दारात, पण तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"काकू, खटक्या..." ताई उंबऱ्यातच थांबली. "पलीकडे गेला. सीमेच्या. सांगून गेला नाही."

हे वाक्य कुणाचं आहे, ते दोघींनाही माहीत होतं. काकू आता थोबाडीत मारेल, असं ताईला वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं.

"जाताना काही म्हणाला का?" काकूनं विचारलं.

आणि ताईच्या तोंडून खरं निघून गेलं. "झालंच म्हणाला. एवढा कोपरा राहिलाय, म्हणाला."

काकूचा चेहरा उजळला. जेवायला उशीर झालेलं माणूस गल्लीच्या तोंडाशी दिसावं, तसा.

"म्हणजे वेळ नाही लागायचा," ती म्हणाली. "त्याचे वडीलही तेच म्हणतात. तुझ्या बापाला वाटलं, दार बुजवलं की झालं. माणसाला घरी यायला तेच एक दार असतं का? इतकी वर्षं मागच्या खोलीत झाडतायत ते. आधी फार लांबून यायचा आवाज. आता अगदी भिंतीशी आलेत."

ताई उठली. तिला निघून जायचं होतं, पण पाय मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. खोली लख्ख होती. एका कोपऱ्यात जड लाकडी कपाट होतं. त्याच्या खालून धुळीची एक बारीक रेघ, झाडून लोटल्यासारखी, पुढे आलेली होती. ताई श्वास रोखून उभी राहिली, आणि तिनं ऐकलं.

"कालपासून दोन झाडू वाजतायत," काकू मागून म्हणाली. "मी म्हटलं, दुसरं कोण असेल बाई?"

मग तिनं पदर खोचला, कपाटाला दोन्ही हात लावले आणि ओढायला लागली.

"जरा हात लाव गं. त्यांना बाहेर यायला जागा नको?"

ताईनं हात लावला नाही. काकू एकटीच ओढत राहिली, आणि कपाट थोडं थोडं सरकत होतं.